अर्धी ओटी

हैदराबाद,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अर्पिता हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो मॅडम, बघते मॅडम" म्हणून मोकळी होतेस आणि पुढे काहीच होत नाही. म्हणून हे पत्र. कागदावर हो म्हटलं की ते हो राहतं.

तुमच्या शाळेतली वाचनखोली बांधून झाली, रंगही झाला. आमचं विहिरीचं वावर कसणाऱ्या महिपतने फोटो पाठवले. खिडक्यांचा निळा मी सांगितला होता त्यापेक्षा भडक आहे, पण असू दे, पोरींना आवडेल. पुस्तकांची चार कपाटं इथे तयार आहेत. ३ जानेवारीला उद्घाटन करू.

पाटी मी निर्मलच्या कारागिराकडून करून घेतली आहे. सासूबाई निर्मलच्या, म्हणून मुद्दाम तिथून. काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरं, कडेला वेलबुट्टी. मजकूर असा:

"कै. बाईसाहेब आशाबाई सुधाकरराव देशमुख स्मृती वाचनखोली. सौजन्य: बाईसाहेब सुनयना गोपालराव देशमुख."

तू म्हणशील, दोनदा बाईसाहेब कशाला? अगं, आमच्या घराण्यात देशमुखांच्या सुनेला बाईसाहेब म्हणायची चाल सात पिढ्यांची आहे. तो एक हुद्दाच आहे म्हण ना. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, आता तो माझ्याकडे आला. गेल्या दिवाळीत मी खैरवाडीला आले होते तेव्हा पोरीबाळी मला मॅडम म्हणत होत्या. मॅडम काय, बँकेतला चहावालासुद्धा कुणालाही म्हणतो! (रागावू नकोस, तुलाही म्हणतात हे ठाऊक आहे.) पस्तीस वर्षं मी त्या घरची सून आहे. गावात आपलं म्हणून काहीतरी असावं असं वाटतं गं.

तुझी आजी सखूबाई सासूबाईंना किती प्रेमाने बाईसाहेब म्हणायची! तिला पहिल्या रांगेत बसव.

तुझी शुभचिंतक,
बाईसाहेब सुनयना देशमुख


खैरवाडी, मंडल बेला, जि. आदिलाबाद
२३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सुनयनाताई,

सप्रेम जय भीम.

पाटी पोचली. फार देखणी आहे, हे आधी सांगते. ती मी शाळेत लावणार नाही, हे त्यानंतर सांगते.

उघडताना सातवीच्या पोरी भोवती होत्या. एकीने वाचलं आणि विचारलं, "बाई, या बाईसाहेब कोणत्या ऑफिसात होत्या?" मी म्हटलं, ऑफिसात नव्हत्या. "मग साहेब कशाच्या?" तेवढ्यात मंडलाचे शिक्षणाधिकारी आले. ते तेलुगू, त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, दोरसानी. गढीतल्या मालकिणीचं हे नाव ऐकल्याबरोबर गृहस्थ खुर्चीत पाय जवळ घेऊन बसले! बघा ताई, इतकी वर्षं झाली तरी या शब्दाने माणूस पाय आवरतो.

तुम्ही हुद्दा म्हणता. हुद्द्याला काम असतं. माझा हुद्दा मुख्याध्यापिकेचा. मी सकाळी कुलूप उघडते, दुपारी खिचडी पोरांआधी चाखते, संध्याकाळी शेवटची पोर गेल्यावर कुलूप लावते. बाईसाहेब काय करायच्या? मी लहानपणी पाहिलं ते एवढंच, की त्या ओट्यावर उभ्या असायच्या आणि माझी आजी खाली उभी राहून, कमरेत वाकून, "बाईसाहेब" म्हणायची. सहावीत असताना एकदा मी तिचा हात सोडून पळून आले होते. ते अजून मनात आहे. माझ्या शाळेतल्या पोरींनी रोज त्या शब्दाखालून आत जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

"आशाबाई देशमुख वाचनखोली" असं साधं लिहू या. खाली तुमचं नाव, तेही साधं. आनंदाने लावीन, हार मी स्वतः करीन.

आपली,
अर्पिता संघपाल नगराळे


हैदराबाद,
२ नोव्हेंबर २०२४

अर्पिता,

तुझं पत्र दोन दिवस मी घरभर हातात घेऊन फिरले. आमचे हे म्हणाले, सोड ना, एका शब्दाचं काय एवढं. त्यांना काय जातंय! ते जन्मतःच देशमुख. मला माहेरचं नाव टाकून हे मिळालं.

माझ्या सासूबाईंचं नाव तू उघडं करायला निघालीस, हे मला सहन होणार नाही. त्यांनी कुणाचं वाईट केलं? पाटी लागेल तर हीच लागेल. नाहीतर कपाटं इथेच राहतील आणि खोलीत तुम्ही खिचडीचे तांदूळ ठेवा.

आणि एक विचारते. तुझी आजी हयात आहे, तिचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. तिच्या वाकण्याचा अर्थ तू परस्पर लावलास. तिला विचारलंस का कधी?

सुनयना देशमुख


खैरवाडी,
११ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सुनयनाताई,

सप्रेम जय भीम.

नव्हतं विचारलं. तुमचा टोला बसला, कबूल करते.

रविवारी आजी अंगणात लसूण सोलत बसली होती. तिला तुमची दोन्ही पत्रं आणि माझं उत्तर वाचून दाखवलं. ती आधी हसली. इतकी हसली की बाबा घरातून धावत आले. मग लसणाचे हात लुगड्याला पुसून म्हणाली, "कागद घे. मी सांगते तसं लिही. तुहं शहानपन त्यात घालू नको." तेव्हा यापुढचं सगळं तिचं आहे.

"सुनयनाबाईले सखूबाईचा जय भीम.

तू म्हनते, बाईसाहेब हे देशमुखाच्या घरचं. नाही बाई. वाडा तुमचा, वावर तुमचं, पन ते नाव आमचं. तुमच्या घरी कोनतीही सून आली की ते सूनबाई. पहिल्या वेचनीले, सीतादहीच्या दिवशी, कापसाच्या पऱ्हाटीले दहीभात दाखवला की तिनं आमच्या संग तासात, पऱ्हाटीच्या ओळीत उतरावं, कमरेले फडक्याची ओटी बांधावी, अन् कापसानं एक ओटी आपल्या हातानं भरून दाखवावी. भरली तं आमी वेचनाऱ्या बाया म्हनो, बाईसाहेब. मंग वेचनी सरेपर्यंत वावरात बायांच्या गोष्टीत तिचा शबूद. मालकानं मधात बोलाचं नाही. तुह्या आजेसासूनं भरली, तिच्या सासूनंबी भरली.

आशाबाई आली तवा सोळाची होती. निर्मलची पोर, बोंडाचं टोक कसं टोचते हेबी ठावूक नाही. मीबी सोळाचीच, माहंबी त्याच साली लगन. दोन तासं वेचली नाही तं तिच्या बोटातून रगत. पांढरा कापूस लाल होऊन राह्यला. बाया हासत, अन् बांधावर सासरा उभा, यशवंतराव. ते पोर रडाले आली.

तवा आमच्या लोकाले त्या वावरातल्या इहिरीचं पानी काढू देत नोते. गडी येईन, वरून ओतीन, आमी ओंजळ धराची. गडी जेवाले गेला तं तसंच तहानेनं वेचाचं. मी तिच्या तासात गेली. म्हनलं, सूनबाई, मी तुही ओटी भरून देते. पन बाईसाहेब झाली की पहिला शबूद माहा बोलाचा. माहा दोर इहिरीत गेला पाह्यजे. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् मान हालवली. मी माही ओटी तिच्या ओटीत ओतली. बाजूच्या तासातल्या मालनबाईनं पाह्यलं, पन ते जलमभर कोनाले बोलली नाही.

सांजेले बाया म्हनल्या, बाईसाहेब. तिनं तिथंच इचारलं, मामंजी, आता वावरात माहा शबूद ना? सखू आपल्या हातानं पानी काढीन. यशवंतराव नुसते लाल झाले. पन चाल त्याच्या बापजाद्याची, बोलते काय! मी दोर सोडला. पहिली बादली मालनबाईले पाजली, दुसरी मी प्याली.

मंग त्या मानसानं माह्या मालकाले, दौलतले, पोळ्यापर्यंत कामावर बोलावलं नाही. ज्वारीच्या कन्या खाऊन दिवस काढले. आशाबाईले घरात कोनी चार महिने बोललं नाही. पन दोर निघाला नाही.

हे पोरगी म्हनते, मी वाकत जाय. अवं, कंबर वेचनीनं गेली माही! जिंदगीभर तिले बाईसाहेब म्हनलं ते आठवन देयाले. म्हनलं की ते माह्याकडं पाहे, अन् दोघीले इहीर दिसे.

आशाबाईचं नाव मानानंच राहू दे पाटीवर. तो मान मी देला, मी काढत नाही. आता तू सांग. तुले कोनं देला?"

ताई, एवढं सांगून ती परत लसूण सोलायला बसली. बाबा तिच्याजवळ खाली बसले. बाबांना साठीला आल्यावर हे पहिल्यांदा कळलं. मी विचारलं, आजी, हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणते, "ते जिती होती तवर काऊन सांगू? तिची ओटी मी भरली हे मी सांगत फिरू?"

मी इतकी वर्षं माझ्या आजीची लाज बाळगली. आता मला माझीच लाज वाटते. पाटीची पहिली ओळ मी नाकारलेल्या शब्दासकट लावीन. दुसरी लावणार नाही. यात माझा हट्ट नाही, आजीचा प्रश्न आहे.

आपली,
अर्पिता


हैदराबाद,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अर्पिता,

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात मी सखूबाईंना खोटं ठरवलं होतं. दुसऱ्यात सासूबाईंना. तिसऱ्यात रडगाणं होतं, ते तर फाडायलाच हवं होतं.

मग एकेक आठवत गेलं. माझं लग्न एकोणनव्वदचं. वरात मोटारीतून आली. पहिल्या वेचणीच्या दिवशी मी हौसेने विचारलं होतं, मीही वावरात येऊ का? सासूबाई म्हणाल्या, "तू शिकलेली, तुला काय गरज." मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले, बघा, सासू कशी जपते! आणि कुणी मला बाईसाहेब म्हटलं की त्या जराशा हसायच्या. तेही मला कौतुकच वाटायचं. आता कळतं, त्या हसत होत्या कारण मी काही केलेलंच नव्हतं. त्यांनी तर निदान रक्त काढलं होतं बोटातून.

इथे हैदराबादेत त्यांची एक सवय होती. कामवाली आली की आधी तिला स्वतःच्या हाताने पाणी द्यायच्या, स्वतःच्याच पेल्यातून. शेवटच्या आजारपणातसुद्धा मला विचारायच्या, "तिला पाणी दिलंस?" मला त्याचा वैताग यायचा. म्हातारपणचा चाळा म्हणून मी सोडून द्यायची.

सखूबाईंना सांग, मला तो मान कुणीच दिला नाही. पण तो कुठे मिळतो ते त्यांनीच सांगितलं आहे. सीतादही कधीच झालं असेल, तरी दुसरी वेचणी चालू असेल ना? मी शनिवारी, ३० तारखेला येते. महिपतला सांगितलं आहे. वय सत्तावन्न, गुडघा डावा वाईट, बाकी ठीक आहे.

सुनयना


खैरवाडी,
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुनयनाताई,

घाईत लिहिते, आजच टाकते. शनिवारी मी आदिलाबादला प्रशिक्षणात अडकले आहे, हजेरीची सही केली नाही तर वरून कागद येतो. फार हळहळ वाटते आहे.

आजीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येऊ दे. पूर्ण बाह्याचा सदरा घालून ये म्हना, साडीचा पदर बोंडात गुततो. अन् म्हना, मी पाहून राह्यली."

ती खरंच बघते हो. मोतीबिंदू काढल्यापासून तिला पलीकडच्या वावरातलं बोंडही दिसतं.

अर्पिता


हैदराबाद,
४ डिसेंबर २०२४

अर्पिताबाई,

सप्रेम जय भीम.

बोटांना पट्ट्या आहेत, अक्षर समजून घ्या.

सकाळी सातला यांचा जुना सदरा घालून वावरात उतरले. बांधावर छत्रीखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत सखूबाई. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, "तो मंग. पयले तासात उतर." बाया अकरा होत्या. माझ्या शेजारच्या तासात मालनबाईंची नात साक्षी. ती पोर गाणं गुणगुणत दोन्ही हातांनी वेचत पुढे गेली आणि मी एकेका बोंडाशी भांडत मागे राहिले. माझ्या कापसात पालापाचोळाच जास्त. एका बाईने तो निवडून फेकला आणि माझी ओटी पुन्हा रिकामी दिसायला लागली.

दुपारी तहान लागली तेव्हा बायांनी कॅनमधलं पाणी दिलं. मी म्हटलं, विहीर दाखवा. आता तिच्यावर मोटर बसली आहे, दोर नाही. पण काठाच्या दगडावर दोराने पडलेली खाच आहे. माझा अंगठा तिच्यात बसला. मी तिथे रडले, ते सगळ्यांनी पाहिलं, तेव्हा तुमच्यापासून लपवून उपयोग नाही.

तिसऱ्या प्रहरी माझी ओटी जेमतेम अर्धी होती. गुडघा बोलत होता. एवढ्यात साक्षी हळूच माझ्या तासात आली आणि माझ्या ओटीत ओतायला तिने आपली ओटी सोडली. मी खोटं बोलणार नाही अर्पिताबाई, क्षणभर मी माझी ओटी उघडी धरली होती.

बांधावरून आवाज आला. "साक्षे, थांब वं! मी ओतली तवा इहीर घेतली. तू काय घेतं?"

सगळ्या बाया थांबल्या. साक्षी आधी लाजली. मग सरळ उभी राहून म्हणाली, "आजी, मले वाचनखोली पाह्यजे. आमी वेचनीहून येतो तवा बडीले, शाळेले, कुलूप राह्यते. दहावी बाहेरून देऊन राह्यली मी. सांजेले उघडी ठेवा."

आणि ती माझ्याकडे बघायला लागली. अकराही जणी माझ्याकडे बघायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, बाईसाहेब होणं म्हणजे काय असेल ते. एक शब्द बोलायचा आणि दार उघडायचं. फार मोह होता हो. पण मी ओटी मिटली. म्हटलं, "साक्षी, यासाठी तुझा कापूस मला नको. खोली शाळेची, किल्ली अर्पिताबाईंची. तू त्यांच्याकडे जा आणि माग. आशाबाईंच्या वेळी मधे यशवंतराव उभे होते. आता कुणी उभं नाही."

सखूबाईंनी हातानेच साक्षीला परत तिच्या तासात जायला सांगितलं. संध्याकाळी त्यांनी माझी ओटी हातात घेऊन तोलली. म्हणाल्या, "अर्धी. कचराबी हाय." मग माझी बोटं पाहिली, एकेक, सावकाश. "मान काई भेटत नाही तुले. पुढच्या सालात सीतादहीले ये. तवर सूनबाई." आणि आपल्या पेल्यातलं पाणी मला दिलं.

मला वाटलं होतं, मी हिरमुसून परत येईन. उलट गाडीत मी निर्मलपर्यंत एकटीच हसत होते. पस्तीस वर्षांत त्या गावात मला कुणी खरोखरीचं काही म्हटलं असेल तर ते हे.

पाटी मी परतताना तुमच्या शाळेतून बरोबर घेऊन निघाले होते. निर्मलला कारागिराकडे उतरले आणि खालची ओळ खरवडून घेतली. वरची तशीच आहे, "बाईसाहेब" सकट. खाली आता असं आहे:

"हा मान त्यांना दिला: सखूबाई दौलत नगराळे, मालनबाई आणि खैरवाडीच्या वेचणाऱ्या बाया."

कारागीर म्हणाला, अम्मा, देणाऱ्याचं नाव राहिलं. मी म्हटलं, देणाऱ्यांचंच तर लिहिलं आहे.

कपाटं सोमवारी निघतील. दहावीची पुस्तकं वेगळी बांधली आहेत, वर साक्षीचं नाव आहे. खोली संध्याकाळी उघडी ठेवायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त आठवण देते.

३ जानेवारीला फीत सखूबाई कापतील आणि खुर्चीवर बसतील. मी त्यांच्या शेजारी उभी राहीन. गुडघ्याचं बघू.

आपली,
सूनबाई